बर्फाला भोक पाडा, पण हात लावू नका

नाकातले केस ताठ उभे राहिले आणि आत जाणारा श्वास टोचायला लागला, की समजा, पोहोचलात. घाई करू नका. आधी पायांचा विश्वास बसू द्या. तुम्ही गोठलेल्या समुद्रावर उभे आहात. बुटांखाली करकरणारं कोरडं हिम, त्याखाली दीड-दोन हात जाडीचा बर्फ आणि त्याच्याही खाली साठ-सत्तर मीटर काळं पाणी. हवा उणे पंचवीस अंश. पापण्या मिटल्या की केस केसांना चिकटतात. चोळू नका, नुसता तळवा धरा. सुटतील.

ठिकाण ग्रीनलँडचा पश्चिम किनारा, ७१ अंश उत्तर. वसाहतीचं नाव मार्मोरिलिक. काळ १९७०च्या दशकाच्या अखेरचा, महिना मार्च. सूर्य फेब्रुवारीत परत आला आहे, पण जमिनीत शिरलेल्या समुद्राच्या या चिंचोळ्या पट्ट्यात, फियॉर्डमध्ये, दोन्हीकडचे कडे त्याला आडवे येतात. उजेड वरच्या वर सरकत राहतो आणि तुम्ही मात्र निळ्या सावलीतच असता.

आता मान मागे टाका. आणखी मागे. टोपी पडली तर पडू द्या. समोरचा पांढऱ्या संगमरवराचा कडा सरळ आभाळात शिरलेला दिसतोय ना? त्याच्या अंगावर काळ्या खडकाची एक आकृती उमटली आहे, पंख पसरून उभी. हीच ती काळी देवदूत, इथल्या खाणीला नाव देणारी. तिच्या पायांखाली, पाण्यापासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर, कड्यात काही भोकं आहेत. ती खाणीची दारं. तिथे पोहोचायला पायवाट नाही. माणसं फियॉर्डवरून ताणलेल्या तारांना लटकणाऱ्या पाळण्यातून कामावर जातात आणि खनिजही तारेवरूनच या तीरावर येतं. तुमच्या डोक्यावरून आत्ता जो पाळणा गेला त्यात रात्रपाळीची माणसं होती. दोघे उभ्या-उभ्याच झोपले होते.

खनिज चांगलं कसदार आहे, शंभर किलोत साधारण बारा किलो जस्त आणि चार किलो शिसं. या तीरावरच्या गिरणीत दगड पिठासारखा बारीक होतो आणि रसायनांच्या फेसावर धातू वर काढून घेतला जातो. उरलेला चिखल नळातून खाली जातो, तो याच फियॉर्डमध्ये. फियॉर्डचं नाव आफार्लिकास्सा. त्याच्या पाण्यात विरघळलेलं शिसं, जस्त आणि कॅडमियम मोजायला मी तुम्हाला इथे आणलं आहे.

पण उपाशीपोटी नाही. चला, आधी खानावळीत.

दार उघडताच ऊब तोंडावर आदळते आणि चष्मा असेल तर दोन मिनिटं काही दिसत नाही. वास मात्र लगेच येतात. ओल्या लोकरीचा, उकळत्या कॉफीचा, डिझेलचा, तळलेल्या डुकराच्या मांसाचा, आणि सगळ्यांवर पसरलेला सिगरेटचा. इथे सगळे ओढतात. टेबलाशी, रांगेत, जेवता-जेवता. धुराचा पडदा दिव्यांच्या उंचीवर स्थिर तरंगतोय. डॅनिश, ग्रीनलँडिक आणि इंग्रजी एकमेकांवरून ओरडत जातात, ताटल्या आपटतात, कुणाचा तरी वाळत घातलेला बूट रेडिएटरवरून पडतो. काळ्या राय ब्रेडवर लोणच्यातला हेरिंग मासा ठेवून तुमच्यापुढे सरकवला जाईल. खा. मासा आंबट-गोड लागेल आणि दुसऱ्या घासाला आवडेल. बाहेर शरीर कोळशासारखं अन्न जाळतं, तेव्हा लोण्याला नाही म्हणू नका.

तुमच्या शेजारी बसलेल्या खाणकामगाराच्या बाह्या बघा. कोपरापर्यंत करडी, चमकदार भुकटी. त्याने तुमच्या खांद्यावर प्रेमाने थाप मारली आणि तुमच्या कोटावर शिसं बसलं. त्याला दोष नाही. पण आजच्या दिवसात हीच एक गोष्ट तुम्हाला विसरून चालणार नाही. आपण ज्याच्या शोधात निघालो आहोत ते इथे सगळीकडे आहे. हवेत, हिमावर, धुरात, कपड्यांत. पाण्यात ते किती आहे हे कळायला हवं असेल, तर आपल्या अंगावरचा एक कणसुद्धा त्या पाण्यात पडता कामा नये.

म्हणून निघण्यापूर्वी तुमची झडती. खिशातली सिगरेट काढून ठेवा, तंबाखूत कॅडमियम असतं. ओठ फुटलेत म्हणून दवाखान्यातून ते पांढरं मलम लावून आलात का? पुसा, नीट पुसा, त्यात जस्ताचं ऑक्साइड आहे. रबरी हातमोजे नकोत, रबर पक्कं करताना त्यात जस्त घालतात. पातळ पॉलिथिनचे घ्या. ते थंडी अजिबात अडवत नाहीत, याची जाणीव तुम्हाला तासाभरात होईल. पेट्रोलवर धावणारी स्नोस्कूटर तर दारातच उभी राहू द्या. या काळातल्या पेट्रोलमध्ये शिसं मिसळलेलं असतं आणि तिच्या नळीतून निघणारा निळा धूर तुमच्या बाटलीवर एका क्षणात बसेल.

म्हणजे कुत्र्यांची स्लेज.

कुत्र्यांचा वास आधी येतो, मग आवाज, मग कुत्री. सडलेला मासा, ओली केसाळ कातडी आणि उत्साह यांचा मिळून एक जबरदस्त वास असतो. इथे ती एकामागे एक जुंपत नाहीत. प्रत्येकाचा दोर वेगळा, सगळी पंख्यासारखी पसरलेली, त्यामुळे ती धावता-धावता एकमेकांच्या दोरांवरून उड्या मारतात, चावतात, गुंता करतात. स्लेजवाला उक्कुसिस्सात या जवळच्या वस्तीचा शिकारी. पन्नाशीचा, चेहरा वाऱ्याने भाजलेला, पायांत अस्वलाच्या कातडीची विजार. तो तुम्हाला हाताने खूण करतो: बस, पाय वर घे, धर. मग जिभेने एक आवाज काढतो आणि तुमचं डोकं मागे झटकलं जातं.

वाटेत हिमाकडे लक्ष द्या. गिरणीजवळ ते करडं आहे. अर्धा किलोमीटर पुढे मळकट. त्याच्याही पुढे स्वच्छ पांढरं दिसतं, पण तिथे डोळ्यांवर विसंबू नका. दगड दळण्याची धूळ वारा कुठवर नेतो ते डोळ्यांना दिसत नाही.

थांबलात? आता दिशा बघा. वारा कुठून येतोय? कुत्री वाऱ्याच्या खालच्या अंगाला बांधायची, तुम्ही वरच्या अंगाला. प्लास्टिकच्या फावड्याने हिम खरवडून मोठं वर्तुळ साफ करा, अंगणाएवढं, कारण हिमावरची धूळ वितळून भोकात उतरली तर सगळं काम फुकट. शिकारी पहार हाती घेतो. लाकडी दांडा, लोखंडी टोक. त्याचे घाव एका लयीत पडतात आणि बर्फाचे तुकडे काचेसारखे उडतात. घामाने त्याच्या पाठीतून वाफ निघते. मध्येच घावाचा आवाज बदलतो, पोकळ होतो, आणि पाणी एकदम गुळगुळत वर येतं, कडेपर्यंत भरतं.

तुम्ही लगेच बाटली सोडायला निघालात. नको. पहारीचं लोखंड, बुटांची धूळ, शिकाऱ्याच्या हातमोज्यावरची चरबी, सगळं आत्ता त्या पाण्यात आहे. प्लास्टिकच्या झाऱ्याने बर्फाचा चुरा काढा आणि वाट बघा. पाय आपटा. शिकारी खिशातून वाळवलेल्या माशाची काडी काढून देईल, ती चघळा. मासा दातांखाली आधी लाकूड होतो, मग चामडं, मग समुद्र.

थांबलोच आहोत तर एक गोष्ट सांगतो, तुमच्या बोटांचं लक्ष थंडीवरून हटावं म्हणून. क्लेअर पॅटरसन नावाचा अमेरिकी भूरसायनज्ञ पृथ्वीचं वय शोधत होता. त्यासाठी उल्कापाषाणातलं शिसं मोजायचं होतं आणि त्याची आकडेमोड काही केल्या जुळेना. शेवटी त्याला कळलं की शिसं त्याच्या प्रयोगशाळेतच होतं, हवेत, भांड्यांत, केसांत. त्याने खोली घासूनपुसून, हवा गाळून ती काटेकोर स्वच्छ केली तेव्हा कुठे १९५६ मध्ये ४५५ कोटी वर्षं हा आकडा ठाम झाला. पुढे त्याने ग्रीनलँडच्याच हिमाचे थर तपासले आणि कारखानदारीबरोबर हवेतलं शिसं कसं चढत गेलं ते दाखवलं. महासागराच्या पाण्याचे जुने आकडेही त्याच्या कसोटीला उतरले नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं समुद्र म्हणून स्वतःची भांडी मोजली होती. मला हा माणूस फार मोठा वाटतो, कारण त्याने आपल्या उपकरणाआधी आपल्या हातांवर संशय घेतला.

झालं, पाणी शांत आहे. आता नमुना घेण्याचं भांडं. जुनी पितळी नान्सेन बाटली इथे चालत नाही, पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आपल्याकडे प्लास्टिकची नळी आहे, दोन्ही तोंडं उघडी. दोरही नायलॉनचा, पोलादी तार नाही. खाली प्लास्टिकने मढवलेलं वजन. सोडा. एक मीटर, दोन, पाच. दोर ओला होऊन वर येतो तिथे लगेच काच चढते, बोटांतून सरकताना खरखरते. साठ मीटरवर थांबा. दोर स्थिर धरा, नळीतून खोलवरचं पाणी खेळू द्या. मग दोरावर तो छोटा जड ‘निरोप्या’ चढवा आणि सोडून द्या. तो दोरावरून घसरत खाली जातो. डोळे मिटा, दोराला बोट लावा. थोड्या वेळाने खालून एक बारीक ठोका बोटाला कळतो. झाकणं बंद झाली.

ओढा. दोन्ही हातांनी, एका लयीत. नळी वर आली की तिच्यातून वाफा निघतील. घाबरू नका, पाणी उणे दोनच्या जवळपास आहे आणि हवा उणे पंचवीस. या हवेत ते पाणी गरम आहे! पण तोटी दोन मिनिटांत गोठेल, तेव्हा पटकन.

आणि इथे ती कवायत सुरू होते. दोघांत कामं वाटून घ्या. एकाचे हात मळके, एकाचे स्वच्छ. मळक्या हातांनी दोर, पेटी, बाहेरची पिशवी आणि नळीचं अंग. स्वच्छ हातांनी फक्त आतली पिशवी, बाटली आणि तिचं बूच. मळक्याने स्वच्छ वस्तूला स्पर्श केला की ती बाटली बाद. स्वच्छाने नाक पुसलं की हातमोजा बदला. घरात कुणी आजी सोवळ्यात स्वयंपाक करत असताना तुम्ही लहानपणी चुलीपासून चार हात लांब उभे राहिला असाल, तर हा नियम तुमच्या अंगात आधीच आहे. फरक इतकाच, की इथला विटाळ मोजता येतो.

बाटली आठवडे-आठवडे ॲसिडमध्ये भिजलेली आहे. तिच्यात थोडं पाणी घ्या, हलवा, ओता. पुन्हा. तिसऱ्यांदा भरा. बूच लावा, पिशवीत घाला, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत. आता तीस मीटर. मग दहा. बोटं पांढरी पडली असतील तर शिकाऱ्याकडे बघा. तो काही न बोलता तुमचे हात आपल्या अंगरख्यात घेतो, काखेशी. त्याच्या अंगाला सीलच्या तेलाचा आणि तंबाखूचा वास आहे आणि तुम्हाला आयुष्यात इतका चांगला वास आला नसेल. मात्र नंतर हातमोजे नवे.

एक बाटली उजेडात धरून बघा. नितळ, गोठण्याच्या काठावरचं, तळ दिसेल असं पाणी. गंध नाही, रंग नाही. याच्याहून शुद्ध पाणी पृथ्वीवर कुठे असेल, असं वाटतं ना? मला या सगळ्या खटाटोपाबद्दल आस्था वाटते ती याच क्षणापायी. डोळे, नाक, जीभ, माणसाने हजारो वर्षं ज्यांच्या भरवशावर जीव राखला ती सगळी साधनं इथे गप्प आहेत. या पाण्याने काय खाल्लं आहे ते सांगू शकेल अशी एकच गोष्ट उरते, काळजीपूर्वक काढलेला आकडा.

वसाहतीकडे परत. लाकडी खोलीत स्टोव्ह धगधगतोय, भिंतीमागून गिरणीचा घरघराट अखंड येतोय. तो इतका अखंड आहे की एखाद्या रात्री थांबला तर अख्खी वसाहत जागी होईल. गिरणीकडचं दार उघडलं की फेसाच्या रसायनांचा, गंधकाचा कुजकट वास झुळकीसारखा आत येतो. तुम्हाला आता पाणी गाळायचं आहे. गाळणीची छिद्रं ०.४५ मायक्रोमीटरची. जे यातून पार होतं त्याला ‘विरघळलेलं’ म्हणायचं, अडकतं त्याला ‘कण’. ही सीमा निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी आपापसात ठरवली आहे, आणि ती सगळ्यांनी पाळली तरच एका फियॉर्डचा आकडा दुसऱ्याशी ताडता येतो. पाणी थेंब-थेंब उतरतं. गाळणकागदावर करडा पातळ थर साठतो, दळलेल्या डोंगराचा. खालच्या पाण्यात अतिशुद्ध नायट्रिक ॲसिडचे काही थेंब टाका, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतील आणि पाणी खोटं निर्दोष ठरेल. ॲसिडची वाफ घशात चावते. तोंड वळवा.

आणि एक बाटली शुद्ध पाण्याची. तीही फियॉर्डवर फिरून आली आहे, तिचंही बूच तिथल्या वाऱ्यात उघडलं होतं, तीही गाळली आहे, तिच्यातही ॲसिड घातलं आहे. तिच्यात जे सापडेल ते आपलं पाप. खऱ्या आकड्यातून ते वजा करायचं. या बाटलीचा आकडा मोठा आला तर बाकीच्या बाटल्या न मोजताच ओतून द्याव्या लागतात. काम करणाऱ्याची खरी परीक्षा तीच घेते.

आता तुम्हाला जरा हिसका देतो. डोळे मिटा. विमान, हेलिकॉप्टर, पुन्हा विमान, हे सगळं गाळतो. उघडा. पोहोचलात डेन्मार्कच्या प्रयोगशाळेत. उबदार, पांढरी, साबणाच्या वासाची. हातात ती पिशवीतली पिशवी आहेच.

काचेच्या पेल्यात फियॉर्डचं पाणी, त्यात बारीक नळीतून लटकणारा पाऱ्याचा एक थेंब. प्रागच्या यारोस्लाव्ह हेरॉव्हस्कीने १९२२ मध्ये पाऱ्याच्या थेंबाला वीज लावून पाण्यातले पदार्थ ओळखायची वाट दाखवली, १९५९ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याच वाटेची ही पुढची पायरी. आधी नायट्रोजनचे बुडबुडे सोडून पाण्यातला ऑक्सिजन हाकला. मग थेंबाला ऋण विद्युतदाब द्या आणि पाणी ढवळत ठेवा. एका लिटरमध्ये चौतीस ग्रॅम मीठ आहे. स्वच्छ समुद्रात त्याच लिटरमधलं शिसं ग्रॅमच्या पाच कोटीव्या भागाच्या आसपास असतं. त्या मिठाच्या गर्दीतून शिसं, जस्त, कॅडमियम हळूहळू पाऱ्यात शिरत राहतात. मिनिटं जातात. ढवळणी थांबवा, पाणी निवळू द्या.

आता दाब उलट्या दिशेने चढवा आणि लेखणीकडे बघा. कागद सरकतोय, शाईची रेघ सपाट चालली आहे. अचानक ती उठते, शिखर करून खाली येते. जस्त पाऱ्यातून बाहेर पडलं. पुढे एक ठेंगणी टेकडी, कॅडमियम. आणि मग शिसं. लेखणी वर जाते, आणखी वर, आणि कागदाच्या कडेवर टकटक आपटत राहते.

यंत्र बिघडलं नाही. पाणी पातळ करा, पुन्हा मोजा. मग ठाऊक असलेल्या मापाचं थोडं शिसं मुद्दाम घाला आणि शिखर किती वाढतं ते बघा. पुन्हा घाला, पुन्हा बघा. यातून मूळ पाण्यात किती होतं ते मागे मोजत जाऊन कळतं. कितीही वेळा केलं तरी उत्तर तेच. खुल्या, स्वच्छ समुद्राच्या हजारो पट.

आणि आता तिन्ही बाटल्या शेजारी ठेवा. साठ मीटर, तीस, दहा. तुमची अपेक्षा असेल की विष तळाशी, वर पाणी चांगलं. उन्हाळ्यात तसंच असतं. वितळलेल्या हिमाचं हलकं गोडं पाणी वर झाकणासारखं बसतं. आफार्लिकास्साच्या तोंडाशी पाण्याखाली एक उंबरठा आहे, पृष्ठभागापासून फक्त वीस-पंचवीस मीटर खाली. त्याच्या आतलं खोल पाणी कोंडलेलं राहतं, नळातून चिखल येतच राहतो, धातू साठतच राहतात. पण तुम्ही मार्चमध्ये गेला होतात. समुद्र गोठताना मीठ बाहेर टाकतो. वरचं पाणी खारट, थंड, जड होतं आणि बुडतं, तळाचं वर ढकललं जातं. सबंध हिवाळाभर फियॉर्ड स्वतःला ढवळत होता. म्हणून तिन्ही शिखरं जवळपास सारखी आहेत. आणि पाणी उंबरठ्याच्या वर आलं की बाहेर सांडणारच, शेजारच्या मोठ्या कामारुयुक फियॉर्डमध्ये. खोल खड्ड्यात टाकलेली गोष्ट दरवर्षी थंडीत घराबाहेर पडत होती.

खाण सुरू करताना भरवसा होता की धातूंची गंधकयुक्त खनिजं समुद्रात विरघळत नाहीत. भरवसा अगदीच निराधार नव्हता. पण दगडाचं पीठ झालं की त्याचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो, शिसं सगळंच्या सगळं त्या न विरघळणाऱ्या रूपात नसतं, आणि समुद्रातला क्लोराइड शिशाला धरून पाण्यात ठेवतो. हे पुस्तकात कुणी लिहून ठेवलं असतं तरी त्याचं वजन इतकं पडलं नसतं. बाटल्यांनी खाणीच्या पहिल्या काही वर्षांतच ते दाखवून दिलं.

आपल्याकडची माणसंही आता या थंड फियॉर्डना ओळखतात. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. २००८ पासून स्वालबार्डमधल्या काँग्सफियॉर्डच्या काठी ‘हिमाद्री’ हे भारताचं ठाणं आहे आणि २०१४ मध्ये त्याच फियॉर्डच्या पाण्यात भारताने आपली वेधयंत्रं उभी केली. तिथे खाणीचा चिखल नाही, प्रश्न वेगळे आहेत. हिमनद्या वितळून काय वाहून आणतात, अटलांटिकचं ऊबदार पाणी किती आत शिरतं, असे. पण वास्कोच्या दमट हवेत पेट्या भरणाऱ्याला उत्तरेत गेल्यावर वारा कुठून येतोय हे तुमच्याइतकंच आधी बघावं लागतं.

आता परत चला, आकडे घेऊन. ते ज्याचे आहेत त्याला द्यायचेत.

उक्कुसिस्सातमधलं शिकाऱ्याचं घर. लाकडी, रंगीत, आत इतकं गरम की कोट काढायच्या आधीच घाम फुटतो. चुलीवर सीलचं मांस, कांदा आणि तांदूळ उकळतोय. हे सुआसात. वाफ दाट, किंचित लोखंडी वासाची. पोरं तुमच्या बुटांवरून उड्या मारताहेत, रेडिओ खरखरतोय, दोन शेजारी नुसते काय चाललंय ते बघायला आले आहेत आणि आता तेही जेवणार. वाडगा हातात येतो. रस्सा गडद, मांस जवळजवळ काळं, चव माशाची आणि रक्ताची, दोन्हींची. अंगातली थंडी आतून सुटत जाते.

तुम्ही कागद काढता, मायक्रोग्रॅम सांगायला लागता. शिकारी हात वर करून थांबवतो. “हे सील खाऊ का?” तो वाडग्याकडे बोट करून विचारतो.

खा, तुम्ही सांगता. सीलच्या मांसात शिसं साठत नाही म्हणावं इतकं कमी. हॅलिबटचं मांसही चांगलं. माशाचं यकृत आणि काटे मात्र टाळा, खाणीजवळचा असेल तर नक्कीच. मग घरातली म्हातारी, इतका वेळ कोपऱ्यात कातडं शिवत बसलेली, मान न उचलता विचारते, “आणि शिंपले?”

निळ्या-काळ्या कवचाचे शिंपले. ओहोटीला किनाऱ्यावर वाकलं की हाताला लागतात. होडी लागत नाही, बंदूक लागत नाही. शिकार मिळाली नाही त्या दिवशी घर चालतं ते यांच्यावर, आणि ते गोळा करतात बायका आणि पोरं. शिंपला दिवसभर पाणी गाळतो. तुमच्या बाटलीने जे एकदा पाहिलं ते त्याच्या अंगात साठत जातं.

खाणीच्या आसपासचे खाऊ नका, तुम्ही म्हणता. खोलीत पोरंही गप्प होतात.

“किती वर्षं?”

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, तुम्हाला ठाऊक आहे. सांगून टाका. खाण १९९० मध्ये बंद होईल. नळ थांबेल, पाण्यातलं शिसं उतरायला लागेल. पण तळाचा चिखल तिथेच राहील, कड्याखाली टाकलेल्या दगडांच्या ढिगांतून पावसाचं पाणी झिरपत राहील. एकदा शिसं भरलेला शिंपला स्वच्छ पाण्यात नेऊन ठेवला तरी त्यातून ते निघायला वर्षं लागतात. हिच्या नातवंडांनाही त्या किनाऱ्यावरचे शिंपले नकोत असंच सांगितलं जाईल, आणि तोवर कुणीतरी त्याच ठरलेल्या जागांवरून पाणी, शेवाळ आणि शिंपले नेऊन मोजत असेल.

म्हातारी सुई कातड्यात खोचून ठेवते. उठते. तुमच्या कागदामागे नकाशा आहे, तो ती सरळ करते आणि तुमच्या सगळ्या खुणांकडे बघते. त्या खाणीपासून सुरू होऊन कामारुयुकच्या मध्यापर्यंत आल्या आहेत. तिचं बोट त्यांच्याही पुढे सरकतं, एका वळणाआड लपलेल्या लहानशा खाडीवर थांबतं.

“आम्ही इथून आणतो,” ती म्हणते. “इथलं पाणी घेतलंत का?”

घेतलेलं नाही. शिकारी आधीच उठून दोर शोधतोय. वाडगा संपवा, नवे हातमोजे घ्या, आणि पेटीत ॲसिडने धुतलेल्या बाटल्या किती उरल्यात ते बघा.